टाकीखालची थर्मोकोलची गादी

घरात माशांची टाकी आणायची ठरली की मासे कोणते घ्यावेत, दिवा कोणत्या रंगाचा असावा, यावर आपण तासन्‌तास चर्चा करतो. टाकी कशावर टेकणार, हा प्रश्न मात्र कोणालाच सुचत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडेही तेच झाले. धाकट्या बहिणीच्या हट्टाखातर दोन फुटी टाकी आणली, लोखंडी स्टँडवर ठेवली आणि पाणी भरले. एका बाजूला पाणी काठाच्या अधिक जवळ दिसू लागले. मी हुशारी करून टाकीच्या एका कोपऱ्याखाली वर्तमानपत्राची जाड घडी सारली. पाणी काठाशी समांतर दिसू लागले आणि माझी पाठ मीच थोपटली.

अकराव्या दिवशी पहाटे ‘टक्’ असा आवाज झाला. तळाच्या काचेला कोपऱ्यातून तिरपी भेग गेली होती. बादली आणेपर्यंत निम्मे पाणी जमिनीवर आले होते. सात माशांपैकी तीन वाचले. “काचच कच्ची होती गं,” असे मी बहिणीला सांगून टाकले.

पुढे थोडी चौकशी केली, हिशेब मांडला, तेव्हा खरा दोषी सापडला.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे ५६ किलो वजन. त्यात काच व रेती मिळवली की भार पाऊणशे किलोंच्या घरात जातो. हा भार संपूर्ण तळावर सारखा वाटला गेला तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४० ग्रॅम येतात. पण तळाखाली रेतीचा एखादा खडा, वेल्डिंगची गुठळी किंवा माझ्यासारख्याने सारलेली घडी असेल, तर भार त्या एका जागी एकवटतो आणि काच तेथे वाकते. काच दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. वाकलेल्या काचेच्या एका पृष्ठभागावर ताण येतो आणि तेथला डोळ्यांना न दिसणारा चरा हळूहळू वाढू लागतो. म्हणूनच टाकी पहिल्या दिवशी न फुटता अकराव्या दिवशी फुटते.

थर्मोकोलचे काम येथेच आहे. त्यात हवेने भरलेले असंख्य बारीक कण असतात. खडा आला की तेथले कण चेपतात आणि उरलेला तक्ता तळाला आधार देत राहतो. मात्र तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा उंचसखलपणाच झाकतो. स्टँडचा कल काढू शकत नाही. कल काढायचा तो स्टँडच्या पायाखाली पाचर देऊन, टाकीखाली कधीही नाही. रिकाम्या स्टँडवर गवंड्याची पाणसळ लांबीत, रुंदीत व तिरपी ठेवून पाहावी.

स्टँड नुसत्या चौकटीचा असेल तर त्यावर प्रथम जाड प्लायवूडची फळी ठेवावी, कारण पोकळीवर थर्मोकोल आधार देत नाही. मग अर्धा इंच जाडीचा, तळाएवढा, सलग तक्ता अंथरावा. तुकडे जोडू नयेत. गादीतला मऊ स्पंज घेऊ नये, तो एकीकडे अधिक दबतो व पाणीही पितो. ज्या टाकीला खालून प्लॅस्टिकची चौकट असते, तिचा भार कडांवर बेतलेला असतो. तिच्याखाली थर्मोकोल घातला तर तो तळाची काच उलट वर रेटू शकतो. अशा टाकीला तो घालू नये. आणि भरलेली टाकी तसूभरही सरकवू नये.

नवी टाकी या रीतीने बसवली, त्या दिवशी बहिणीला खरे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “दादा, ती घडी मी पाहिली होती. पण तू कॉलेजात जातोस, म्हणून बोलले नाही.”