आजीचा गुडघा आणि ओरेगनचा दात

शीर्षक वाचून हा विनोदी लेख असेल असं वाटलं असेल, तर आधीच सांगतो, तसं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आमच्याकडे गुडघ्याचा विषय चालू होता. आजीचा उजवा गुडघा चार वर्षं दुखतोय. आता ती जिना उतरताना कठडा धरून, बाजूने, एकेक पायरी उतरते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय, बदलून घ्या. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्ये वरची मर्यादा घातली हे खरं, पण डॉक्टरांची फी, भूल, खोली आणि नंतरचा व्यायाम धरला की आकडा फुगतोच. बाबा पासबुक घेऊन बसले. आजी म्हणाली, "माझी अशी किती वर्षं राहिलीत? पोराची फी भर आधी." ते पोर, म्हणजे मी, समोरच बसून पोहे खात होतं. घास खाली उतरेना.

होस्टेलवर परत आल्यावरही ते डोक्यातून जाईना. आपण इंजिनियर लोक, बीमवरचा ताण मोजतो, वायरमधला करंट मोजतो. मग न दुखणारा गुडघा किती मोलाचा, हे मोजता येतं का? लायब्ररीत शोधलं तर कळलं, लोक हे पन्नास वर्षांहून जास्त काळ मोजतायत, आणि त्यात आपटलेतही.

सगळ्यात सरळ पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या टॉरन्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडली. तिला 'टाइम ट्रेड-ऑफ' म्हणतात, आपण 'वर्षांचा सौदा' म्हणू. समजा तुम्हाला अजून १० वर्षं आयुष्य आहे, पण सगळी दुखऱ्या गुडघ्याची. त्याऐवजी धडधाकट, पण कमी वर्षं देऊ केली, तर किती वर्षांवर तुमचा सौदा तुटेल? तुम्ही ७ म्हणालात तर दुखऱ्या गुडघ्याच्या जगण्याची किंमत ०.७. पूर्ण तब्येत म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. या आकड्याला वर्षांनी गुणलं की मिळतं ते 'क्वाली', म्हणजे तब्येतीच्या दर्जाने तोललेलं आयुष्य.

मेसमध्ये मी हाच प्रश्न टेबलावर टाकला. मन्या रोज संध्याकाळी फुटबॉल खेळणारा. तो वरणात भात कालवता कालवता म्हणाला, "सहा दे. न पळता जगून काय करू?" देशपांडे म्हणाला, एक दिवससुद्धा देणार नाही. म्हणजे गणितानुसार त्याच्या लेखी दुखणं फुकट! मग त्याला विचारलं, तर म्हणे दुखेल रे, पण आयुष्याचा असा लिलाव मला पटत नाही. हे उत्तर कुठल्या रकान्यात भरायचं? खऱ्या सर्वेक्षणातही असे देशपांडे भेटतातच. पाटील तेवढा गप्प होता. नंतर हात धुताना म्हणाला, "माझे काका वीस वर्षं व्हीलचेअरवर आहेत. दुकान चालवतात, सगळ्यांची टिंगल करतात. त्यांच्या जगण्याला मन्या मार्क देणार?"

पाटीलचा प्रश्न थोड्या वेळाने घेतो. आधी हे मोठ्या प्रमाणावर कसं करतात ते बघू, कारण त्यात आपला अभ्यासक्रम आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या युरोक्वोल गटाने तब्येतीचे पाच भाग पाडले: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, आणि चिंता-उदासी. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या धरल्या तर ३ चा पाचवा घात, म्हणजे २४३ अवस्था. एवढ्या कोणाला विचारणार? ब्रिटनमध्ये १९९३ च्या सुमारास यॉर्कच्या संशोधकांनी साधारण ३००० लोकांच्या घरी जाऊन मोजक्या अवस्था विचारल्या आणि उरलेल्यांचे आकडे रिग्रेशनने काढले. एम-थ्रीच्या जर्नलमध्ये आपण कर्व्ह फिटिंग करतो ना, त्याचाच थोरला भाऊ. सगळ्यात वाईट अवस्थेचा आकडा आला उणे ०.५९४. उणे! म्हणजे लोकांच्या मते ती अवस्था मरणाहून वाईट.

आता दात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९८७ मध्ये गरिबांच्या सरकारी योजनेतून अवयव-प्रत्यारोपणाचा खर्च बंद केला. सात वर्षांच्या एका मुलाला रक्ताचा कर्करोग होता. घरच्यांनी वर्गणी काढून बोन मॅरोसाठी पैसे जमवायचा प्रयत्न केला, ते पुरे होण्याआधी तो गेला. मोठा गदारोळ झाला. मग राज्याने ठरवलं की ज्याचा आवाज मोठा त्याला उपचार, असं नको. सगळ्या उपचारांची एकच यादी करू, पैसे पुरतील तिथे रेघ मारू, आणि क्रम लावताना जनतेला विचारू. गावोगाव ४७ सभा झाल्या. फोनवरून सुमारे १००० लोकांना विचारलं, की अमुक त्रास असेल तर ० ते १०० मध्ये किती गुण द्याल?

सूत्र कुठल्याही इंजिनियरला आवडेल असं: खर्च भागिले (तब्येतीतली सुधारणा गुणिले ती टिकण्याची वर्षं). भागाकार जितका लहान, तितका उपचार यादीत वर. १९९० च्या मे महिन्यात सुमारे १६०० ओळींचा पहिला मसुदा बाहेर आला आणि लोकांनी डोक्याला हात लावला. दातावर टोपी बसवणं एका क्रमांकावर, आणि त्याच्या खालच्याच ओळीत गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या गर्भाची शस्त्रक्रिया, जी केली नाही तर बाई दगावू शकते! अपेंडिक्सची शस्त्रक्रियाही दाताच्या खालीच.

कॅल्क्युलेटर काढा. दात: खर्च साधारण ३८ डॉलर, सुधारणा ०.०८, टिकणार ४ वर्षं. शस्त्रक्रिया: साधारण ४००० डॉलर, सुधारणा ०.७१, टिकणार ४८ वर्षं. दोन्हींचा भागाकार ११८ च्या आसपास येतो. गणितात चूक नाही. एका बाईच्या शस्त्रक्रियेच्या पैशांत शंभरावर दात होतात आणि त्यांची बेरीज तिच्या आयुष्याएवढी भरते, इतकंच सूत्र सांगतंय. पण समोर मरणारं माणूस असेल तर दातांची बेरीज कोण करत बसेल? जनतेची ही भावना फोनवर कोणी विचारलीच नव्हती, कारण प्रश्न एकेका त्रासाबद्दल होता, निवडीबद्दल नव्हता. मला यातलं सगळ्यात शिकण्यासारखं हेच वाटतं. मीटर बरोबर होता, लावला चुकीच्या टोकांना.

आयोगाने तो मसुदा गुंडाळला, उपचारांचे गट पाडले, जीव वाचवणारे वर घेतले, हाताने ओळी वरखाली केल्या. १९९१ मध्ये ७०९ ओळींची यादी झाली आणि ५८७ व्या ओळीखाली रेघ मारली. आणि इथे पाटील परत येतो. १९९२ मध्ये केंद्र सरकारने ही योजनाच नाकारली. कारण? धडधाकट माणसांनी फोनवर दिलेले गुण अपंगांवर अन्याय करतात. सुधारणा केल्यावर पुढच्या वर्षी परवानगी मिळाली आणि १९९४ मध्ये योजना सुरू झाली.

पाटीलच्या काकांसारखी माणसं अभ्यासांतही दिसतात. सॅकेट आणि टॉरन्स यांना १९७८ मध्येच आढळलं होतं की डायलिसिसवरच्या आयुष्याला रुग्ण स्वतः जेवढी किंमत देतात, तेवढी बाहेरचे देत नाहीत. माणूस जुळवून घेतो. मग विचारायचं कोणाला? पैसे जनतेचे म्हणून जनतेला, असं एक उत्तर. ज्याचं जळतं त्याला, हे दुसरं. मला वाचून दोन्ही पटतात, आणि त्यामुळे पंचाईत होते.

आपल्याकडचे आकडे बरीच वर्षं नव्हतेच, परदेशी आकडे उसने घ्यावे लागत. २०२२ मध्ये भारताचा स्वतःचा संच प्रसिद्ध झाला, पाच राज्यांतल्या ३५४८ लोकांना विचारून. त्यात पाच पायऱ्या, म्हणजे ३१२५ अवस्था. सगळ्यात वाईट अवस्थेचा आकडा उणे ०.९२३, आणि लोकांनी सगळ्यात जास्त धसका घेतला तो दुखण्याचा. आजीला हे वेगळं सांगायला नको.

सांगायला नको, तरी रविवारी फोन केलाच. सौद्याचा प्रश्न नीट समजावून विचारला. आधी म्हणाली, "असलं अभद्र काय विचारतोस रे!" मग थोडं थांबून म्हणाली, "दहातली चार देईन. सहा वर्षं देवळात चालत जाता आलं तर बास."

मन्याचंच उत्तर! मी खूश होऊन म्हटलं, "मग आजी, ऑपरेशन कर की."

"वर्षं माझी आहेत, ती देते. पैसे तुझ्या बापाचे आहेत, ते कशी देऊ?"

किती पैसे मोजाल, असं विचारून तब्येतीची किंमत काढायचीही एक पद्धत आहे. तिच्यात श्रीमंताचा गुडघा नेहमी महाग निघतो, एवढंच त्या पुस्तकात लिहिलं होतं. आजीसारखं उत्तर त्यात नव्हतं.

बाबांनी शेवटी तिला न विचारता तारीख घेतलीय, फेब्रुवारीतली. नेमकी आमच्या इंटर्नल्सच्या आठवड्यात. प्रॅक्टिकलच्या सरांनी हा अंक वाचला असेल, तर माझ्या रजेच्या अर्जाचं कारण त्यांच्या लक्षात येईल.