मुक्या सोबत्यांचे आजार – लेखांक ९ : गोचीड ताप

गेल्या लेखांकात पार्वो पाहिला. पार्वो निदान उघडउघड येतो. उलट्या, रक्ताची हगवण, पिल्लू बघता बघता आडवं. मालक धावत दवाखाना गाठतो. आजच्या आजाराची चाल अगदी उलटी. तो येतो, दोन-चार आठवड्यांत आपोआप ओसरल्यासारखा होतो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, परत डोकं वर काढतो. तोवर उपचाराला फारसा वाव उरलेला नसतो.

गोचीड ताप, म्हणजे दवाखान्यातला ‘टिक फीवर’, हा खरं तर एकच आजार नाही. तपकिरी गोचीड चावला की त्याच्या लाळेतून कुत्र्याच्या रक्तात एर्लिकिया नावाचा जिवाणू उतरतो, किंवा बबेसिया हा परजीवी; कधी दोघंही. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत मुक्काम ठोकतो, बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. दोन्हींत प्लेटलेट्स कोसळतात.

एर्लिकियाचा पहिला टप्पा चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतो. ताप, मलूलपणा, जेवणाकडे पाठ, डोळ्यांतून चिकट पाणी. मग ताप उतरतो आणि कुत्रा पूर्वीसारखा दारावरच्या घंटेला भुंकायला लागतो. ‘हवा बदलली होती, झालं,’ असं म्हणून घर मोकळं होतं. हाच खरा फसवा काळ. जिवाणू प्लीहेत दबा धरून बसलेला असतो, रक्त तपासलं तर प्लेटलेट्स कमीच दिसतात, पण चांगल्या खेळत्या कुत्र्याचं रक्त तपासतो कोण? काही कुत्री या टप्प्यात स्वबळावर बरी होतात. उरलेल्यांपैकी काहींना तिसरा टप्पा गाठतो. त्यात हाडांतला मगज रक्त तयार करणंच थांबवतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची जर्मन शेफर्ड कुत्री याच टप्प्यात मोठ्या संख्येने दगावली. नाकातून रक्त वाहून कुत्री मरताहेत, हे पाहून १९६० च्या दशकाच्या अखेरीस या रोगाचा कसून अभ्यास सुरू झाला. जर्मन शेफर्डना हा आजार जास्त छळतो, हे आजही खरं आहे.

घरी काय बघावं? कुत्र्याचा वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरडी पांढरीफटक किंवा पिवळट असेल तर उद्याची वाट बघू नका. (काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात खालच्या पापणीची आतली बाजू बघावी.) मग त्याला उताणं करून पोटाची आणि मांडीच्या आतली विरळ केसांची कातडी उजेडात न्याहाळा. टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके किंवा जांभळट डाग म्हणजे कातडीखाली रक्त झिरपतंय. घोळणा फुटणं, काळी डांबरासारखी शी, कॉफीच्या रंगाची लघवी, ही सगळी त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याची लक्षणं. अंगावर गोचीड दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. रक्त पिऊन तो केव्हाच गळून पडलेला असतो.

ताप आला म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं कुत्र्याच्या जठराला जखमा करतात. प्लेटलेट्स आधीच कमी असतील तर तो रक्तस्राव आवरत नाही. पपईच्या पानांचा रस डेंगीच्या निमित्ताने घराघरांत पोचला आणि तिथून कुत्र्यांच्या वाटीत आला. त्याने जिवाणू मरत नाही. रसाच्या नादात तपासणी लांबते, हे नुकसान मात्र नक्की होतं.

तपासणी साधी आहे: रक्ताची मोजणी आणि काचेवरचा लेप. तंत्रज्ञ तरबेज असेल तर तांबड्या पेशीत बसलेला बबेसिया सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. एर्लिकिया मात्र लेपात क्वचितच सापडतो, म्हणून लेप कोरा आला तरी आजार नाही असं होत नाही. झटपट किट रक्तातली प्रतिद्रव्यं दाखवतं, आणि ती बरं झाल्यावरही कित्येक महिने राहतात. त्यामुळे किटवर रेघ उमटली म्हणून धडधाकट कुत्र्याला पुन्हा पुन्हा औषधं चारण्यात अर्थ नाही. लक्षणं, मोजणी, किट, गरज पडल्यास पीसीआर, अशी सगळी मोट बांधूनच निदान होतं.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त, जुनं आणि उत्तम औषध आहे. सुरुवातीच्या टप्प्यात एक-दोन दिवसांतच कुत्रा शेपूट हलवत उठतो. आणि इथेच घोळ होतो: गोळ्या साधारण २८ दिवस द्यायच्या असतात, आठवडाभरात त्या फ्रिजवर विसरल्या जातात. गोळी जेवणाबरोबर द्या, उपाशीपोटी उलटी होते. बबेसिया मात्र एकट्या डॉक्सिसायक्लिनला दाद देत नाही. त्याची गिब्सोनाय ही जात १९१० मध्ये आपल्याच देशात, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात, पॅटन यांनी प्रथम नोंदवली. ती फारच चिवट असून तिच्यासाठी वेगळी, महागडी औषधं एकत्र द्यावी लागतात. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी आपल्या कुत्र्याला चालत नाही.

आता भिंतीकडे बघा. तपकिरी गोचीड घरातच आयुष्य काढू शकतो. अळी, पिल्लू आणि प्रौढ, तिन्ही अवस्थांत तो रक्त पिऊन खाली पडतो आणि फटीत शिरतो. मादी हजारांच्या संख्येने अंडी घालते, तीही उंचावर: खिडकीच्या चौकटीत, पडद्याच्या शिवणीत, छताच्या कोपऱ्यात. उपाशी प्रौढ गोचीड महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून कुत्र्याला औषध आणि घराला काही नाही, हा उपचार अर्धवट. फटी बुजवा, अंथरूण कढत पाण्यात धुवा, गरज पडल्यास फवारणी करून घ्या आणि ती काही आठवड्यांनी पुन्हा करा. कुत्र्याला महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोचीडनाशक गोळी वर्षभर द्या, पावसाळ्यापुरती नको. फिट येण्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये. रॉकेल अजिबात लावू नये, कातडी भाजते.

घरात मांजर असेल तर आणखी सावध राहा. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला विषासारखं बाधतं, थरथर आणि झटके येतात. कुत्र्याला चाटून किंवा त्याला बिलगून झोपूनही ते मांजराच्या अंगात जातं. पॅरासिटामॉलची तर एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

एर्लिकियाची लस नाही. ज्यांच्या कुत्र्याला गेल्या वर्षभरात कधी असा ‘आपोआप गेलेला’ ताप येऊन गेला असेल, त्यांनी या आठवड्यात एकदा रक्ताची मोजणी करून घ्यावी. औषध चालू असेल तर कोर्स पुरा झाल्यावर ती पुन्हा करावी.

(पुढील लेखांकात : बोक्याची लघवी अडणे)