सपाट पडद्यावर उठावदार कशिदा

गेल्या वर्षी आम्ही परगावच्या एका व्यापाऱ्याला जरदोजीच्या दुपट्ट्यांचे फोटो मोबाईलवरून पाठविले. त्याचे उत्तर आले, "सेठ, छापील मालाला एवढा भाव?" माल हातचा होता, सलमा-सितारे कारागिरांनी एकेक करून टाकले होते, पण फोटोत सारे सपाट दिसले. ऑर्डर गेली आणि आमच्या कारागिरांचे दोन आठवडे रिकामे गेले.

तेव्हा आमच्या पुतण्याने एक युक्ती दाखविली. एकाच नक्षीचे दोन-तीन फोटो किंचित वेगवेगळ्या जागेवरून काढायचे आणि ते एकामागून एक भराभर दाखवायचे. चित्र डुलते आणि कशिदा कपड्यावरून वर उठून दिसतो. यास चष्मा लागत नाही. १९९८ साली हिंदीत आलेला 'छोटा चेतन' पाहण्यासाठी थिएटरात चष्मा घ्यावा लागे, हे आमच्या पिढीला आठवत असेल.

ही करामत समजून घेणे कठीण नाही. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटीमीटर अंतर असते, म्हणून दोघांना थोडे वेगळे दृश्य दिसते. दोन डोळ्यांनी पाहूनही वस्तू एकच कशी दिसते, याचा विचार अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी 'किताब-उल-मनाजिर' या ग्रंथात केला होता. पुढे १८३८ साली इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टोन यांनी दोन वेगळी चित्रे दोन डोळ्यांना दाखवून खोली भासते हे सिद्ध केले. डुलत्या चित्रात दुसरा नियम कामी येतो. रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब झपाट्याने मागे पळतात, दूरचे डोंगर जागेवरच भासतात. या फरकावरून आपला मेंदू जवळ काय आणि दूर काय हे ओळखतो.

आता प्रत्यक्ष कृती. कपडा सपाट न पसरता त्याला एक-दोन घड्या व चुण्या द्याव्यात. प्रकाश एका बाजूने तिरपा पडू द्यावा. फोटो काढताना कपडा व दिवा हलता कामा नये, फक्त मोबाईल आडव्या रेषेत सरकवावा. किती सरकवावा, याचा साधा हिशेब म्हणजे जवळच्या वस्तूपर्यंतच्या अंतराचा तिसावा भाग. साठ सेंटीमीटरवरून फोटो असेल तर दोन सेंटीमीटर. परंतु कशिद्याचा उठाव दोन-तीन मिलिमीटरच असतो, त्याला एवढे पुरत नाही. तेथे वीस सेंटीमीटरवर जाऊन तीन-चार सेंटीमीटर सरकावे आणि भिंगाचा रोख त्याच फुलावर ठेवावा. जरीची चमकही जागा बदलते आणि तिची ओळख पटते.

मग हे फोटो जोडायचे. संगणकावर 'गिंप' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात फोटो एकावर एक ठेवावेत, वरचा अर्धपारदर्शक करून दोन्हींतील तेच फूल नेमके जुळवावे. हे फूल स्थिर राहते, त्याच्या पुढचे व मागचे भाग उलटसुलट दिशेला हलतात. जुळणी चुकली की सारे चित्र थरथरते आणि खोली नाहीशी होते. तीन फोटो असल्यास क्रम एक, दोन, तीन, पुन्हा दोन असा ठेवावा. प्रत्येक फोटो सेकंदाचा दहावा भाग दिसावा. शेवटी 'जिफ' या प्रकारात चित्र साठवावे.

'जिफ' हा प्रकार १९८७ सालचा आहे आणि त्याच्या एका चित्रात साधारणपणे २५६ च रंग मावतात. कापडवाल्यांनी हे विसरू नये. फिरोजी किंवा मोतिया रंगाची नेमकी छटा त्यात बिघडू शकते. म्हणून रंगासाठी दिवसाच्या उजेडातला साधा फोटो सोबत पाठवावा. गिऱ्हाईक दूरचे असेल तर नमुन्याचा तुकडाही द्यावा.

आणखी एक गोष्ट. मोबाईल जास्त सरकविला की हलका कशिदाही जाडजूड भासतो. असा फोटो पाहून आलेली ऑर्डर माल उघडताच परत येते, आणि मालाबरोबर आपली साखही जाते. म्हणून चित्र तयार झाल्यावर ते खऱ्या कपड्याशेजारी ठेवून पाहावे. हातात घेतल्यावर जेवढा उठाव दिसतो तेवढाच पडद्यावर दिसला पाहिजे.

पुढच्या खेपेस आम्ही त्याच व्यापाऱ्याला असे चित्र, साधा फोटो आणि तुकडा असे तिन्ही पाठविले. या वेळी त्याने भाव विचारण्याआधी विचारले, "हे काम करणारे कारागीर किती आहेत?"