'बघतो' म्हणजे हो की नाही?



उधारीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, नाही म्हणायचं कसं? संबंध बिघडतात हो." आज त्यावरच लिहितोय, कारण हे न जमल्याचा फटका मी स्वतः खाल्लाय.

तेव्हा माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा होता. दिल्लीच्या एका पार्टीचा फोन आला. ओळख ना पाळख, रेट ऐकल्याबरोबर शेठ म्हणाले, "साठ दिन का क्रेडिट दो, और पाँच परसेंट कम करो." मला रागच आला. पहिल्याच फोनवर असं मागतात का? पण तोंडावर नाही म्हणवेना. म्हटलं, "देखते हैं." माझ्या हिशेबाने विषय संपला. त्यांच्या हिशेबाने सौदा ठरला! चार दिवसांनी ऑर्डर आली, त्यात 60 दिवस आणि कमी केलेला रेट दोन्ही छापलेलं. मी तेव्हाही गप्प. पैसे आले नव्वदाव्या दिवशी, आणि तोवर कागदवाल्याचं बिल मी व्याजाने पैसे काढून भागवलं.

कितीतरी दिवस मी त्या शेठना नावं ठेवली. आता वाटतं, ते फक्त विचारत होते. मिळालं तर मिळालं, नाही म्हटलं असतं तर पुढच्या मुद्द्यावर गेले असते. राग मनात धरायचा त्यात प्रश्नच नव्हता.

आपल्या घरातली रीत वेगळी. पाहुण्याला चहा विचारला की तो "नको नको, आत्ताच झाला" म्हणतो, आणि आपण तरी आधण ठेवतोच. पहिला नकार खरा नसतो हे दोघांनाही ठाऊक असतं. मागणंही तसंच. मेहुणे उधार मागायला आले तर आधी तब्येत, मग पोरांची शाळा, मग "सध्या धंदा कसा काय?" समोरचा हो म्हणेल याचा अंदाज घेतल्याशिवाय शब्द टाकायचा नाही. म्हणून तर एकदा टाकलेला शब्द मोडला की लागतो. (हे फक्त मराठी माणसाचंच नाही बरं का. जपानी कंपन्यांशी व्यवहार करताना "विचार करून कळवतो" हे पुष्कळदा नम्र नकार म्हणूनच ऐकावं लागतं.)

म्हणजे घोळ होतो कुठे? थेट विचारणाऱ्याला आपण आडून उत्तर देतो तिथे. अशा माणसाला आकडा द्या. "साठ जमणार नाही, तीस देतो. ॲडव्हान्स दिलात तर दोन टक्के कमी." आणि तेच लगेच व्हॉट्सॲपवर लिहून टाका.

ओळखीतल्या माणसाला मात्र असं फटकन बोलता येत नाही, आणि बोलूही नये. तिथे नियम पुढे करा. तुम्ही उत्पादक किंवा सेवा देणारे असाल, सूक्ष्म किंवा लघु गटात उद्यम नोंदणी असेल, तर 2006 चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार केला तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांच्या वर नेता येत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नुसता व्यापार करणाऱ्यांना नोंदणी मिळते, पण हे संरक्षण नाही, तेवढं लक्षात ठेवा. बिलावर उद्यम नंबर आणि मुदत छापून घ्या. मग "दादा, माझं नाही हो, बिलावरच आहे" एवढं म्हटलं की पुरतं, कुणाचं तोंड वाकडं होत नाही.

त्या शेठचा वर्षभराने परत फोन आला. मागणी तीच, साठ दिवस. या वेळी मी म्हटलं, "नहीं होगा सेठजी, तीस दिन." मला घाम फुटला होता. ते म्हणाले, "चलो ठीक है, माल कब भेजोगे?"

पुढच्या व्हिडिओत वसुलीच्या फोनबद्दल बोलू.