पोत्याची वंशावळ

भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी तांदूळ परदेशातल्या एखाद्या लहान आयातदाराला हवा आहे, असं समजा. वीस फुटी कंटेनर भरायचा म्हणजे साधारण २० टन तांदूळ. गिरणीत तूस आणि कोंडा निघून गेला की शंभर किलो भाताला पासष्टएक किलो तांदूळ पडतो, म्हणजे भात लागणार ३१ टन. एकरी १६ क्विंटल धरलं तर जमीन वीस एकरांच्या आसपास. पण हिरडस मावळात किंवा कानंदीच्या खोऱ्यात एकाच्या नावावर वीस एकर भात शोधत बसू नये. इथली खाचरं डोंगरउताराला पायऱ्यांनी उतरतात. घरापुरतं ठेवून विकायला निघणारं भात माणशी पंधरा-वीस गुंठ्यांचं धरलं, तर एका कंटेनरमागे पंचेचाळीसएक शेतकरी आले.

या पंचेचाळीस जणांची त्या एका आयातदाराशी गाठ घालून द्यायला कॉम्प्युटर लागतो, पण भाव कळवण्यासाठी नव्हे. पुण्यातल्या सोसायटीत दहा कट्टे विकायचे तर व्हॉट्सॲप पुरतं. अडतं ते पुढे. युरोपीय संघाच्या २००२ च्या अन्नकायद्यानं १ जानेवारी २००५ पासून अन्नाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकावर बंधन घातलं: माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. मोठ्या सुपरमार्केटला जो नियम, तोच दोन माणसांच्या आयात कंपनीलाही.

महाराष्ट्रात याचा धडा आधी द्राक्षवाल्यांनी गिरवला. २००३ च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अंश सापडले आणि पळापळ झाली. त्यातून केंद्र सरकारच्या ‘अपेडा’ या शेतमाल-निर्यात प्राधिकरणानं २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंद सुरू केली. अंश तपासणीची शास्त्रीय बाजू पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे. बागेची कृषी खात्याकडे नोंद होऊन तिला क्रमांक मिळतो. प्रयोगशाळेचा अहवाल त्याच क्रमांकावर चढतो, पॅकहाउसमधली पेटीही त्यालाच जोडली जाते. तिकडे पेटीत काही निघालं, तर इकडे नेमकी बाग सापडते.

अर्थात नोंदीत असेल तेवढंच कॉम्प्युटर सांगणार. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वाढनियंत्रक आढळलं आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच.

तांदळाचं दुखणं याहून अवघड आहे, कारण द्राक्षाचा घड पेटीतही घडच राहतो. भात मात्र गिरणीत मिसळून जातं. करपा हा भाताचा जुना वैरी. त्यावर ट्रायसायक्लॅझोल हे बुरशीनाशक सर्रास वापरलं जातं. तांदळातल्या त्याच्या अंशाची मर्यादा युरोपनं २०१७ मध्ये किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम! आता आपल्या कंटेनरचं गणित करू. चव्वेचाळीस जणांनी हे औषध फवारलंच नाही. एकानं फवारलं आणि त्याच्या तांदळात किलोला अर्धा मिलिग्रॅम अंश राहिला. जुन्या मर्यादेत तो आरामात बसला असता. पंचेचाळीस सारखे वाटे एकत्र झाले की सरासरी येते ०.०११. वीस टन माल बंदरावर अडकला आणि तो कोणामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून लॉट लहान हवा. पाच-सहा शेतकऱ्यांचं भात एकत्र भरडायचं, त्याला एक क्रमांक द्यायचा, नमुना त्या क्रमांकानं तपासायचा आणि पिशवीवर तोच छापायचा. पिशवीवरच्या नेहमीच्या बारकोडवर विसंबून चालत नाही, बरं का. एका मालाच्या एकाच वजनाच्या सगळ्या पिशव्यांना तो सारखाच असतो. दुकानदाराला बिल करायला ठीक. कोणाच्या खाचरातला तांदूळ, हे लॉट क्रमांकच सांगतो.

कॉम्प्युटरचा खरा उपयोग मला वाटतो तो ताळेबंदात. गिरणीत दहा क्विंटल भात गेलं आणि नोंदीत नऊ क्विंटल तांदूळ आला, तर आज्ञावलीनं तिथंच अडवायचं. भाताच्या दाण्यात पाचवा हिस्सा तूसच असतं, कोंडा वेगळाच. मग हे नऊ क्विंटल कुठून आले? बाहेरचं पोतं मध्ये शिरलं की वजन चुगली करतं. आंबेमोहोराच्या नावाखाली परप्रांतातले दिसायला तसेच तांदूळ खपतात, हे तर पुण्यात जुनंच. अख्खा ढीग बदलला तर वजनाला कळणार नाही, हेही खरंच. तिथं वाणाची जनुकीय तपासणी लागते.

या नोंदीचा पहिला रकाना, कोणाच्या जमिनीत कोणतं पीक, भरायची सोय मात्र सरकारनंच करून ठेवली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच गट क्रमांकावर पीक नोंदवतो, खाचरात उभं राहून फोटोही काढतो. खोऱ्यात रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर चढवता आली पाहिजे. फवारणीची तारीख आणि औषध मात्र शेतकऱ्यालाच विचारून लिहावं लागणार. ते तो खरं सांगेल का, हे बऱ्याच अंशी खरं सांगितल्यावर त्याच्या भाताचं काय होतं यावर ठरेल. फवारलेलं भात वेगळं काढून नसरापूरला किंवा पुण्याला नेहमीच्या भावानं गेलं, तर लपवायचं कारणच उरत नाही.

सरकारी धोरणापुढे मात्र यातलं काहीच चालत नाही. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद होती.

शेतकऱ्याचं जमलं, पण गिरणीवाल्याचं काय? एक लॉट संपला की पुढच्याआधी हॉपर, चाळण्या, पॉलिशर झाडून घ्यायचा, नाहीतर मागची कणी पुढच्या पोत्यात उतरते. वीस टनांचे आठ-नऊ लॉट केले, तर तितक्याच वेळा गिरणी थांबणार. भात काढणीनंतर रांग दारापर्यंत आलेली असताना हा खोळंबा तो फुकट का सोसेल? आयातदारानं किलोमागे दिलेल्या भावात भरडाईचा हा जादा दर वेगळा धरला नाही, तर लॉट कागदावर नऊ राहतील आणि गिरणीत एकच.