पणजीचं कुंकू काळं का?

जुन्या फोटोत पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं, पाहिलंय? तो बुक्का नव्हे! 1900 च्या आगेमागे वापरल्या जाणाऱ्या बहुतेक काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळपास दिसतच नसे. त्यामुळे कुंकू काळं, लालभडक शालूही काळा, आणि निळं वस्त्र मात्र पांढुरकं. तेव्हा 'लग्नाच्या फोटोत आजेसासूबाई काळं कसं नेसल्या?' असं कुणी विचारलं, तर हे सांगा.

आणि सगळ्यांचे चेहरे असे गंभीर का? 1860 च्या सुमारास ओल्या प्लेटवर फोटो उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ हसू धरून बसा बघू! मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी स्टँडचा आधार देत. त्या काळचा फोटो हाती लागला, तर उभ्या माणसाच्या पायांमागे निरखून पाहा. स्टँडचा पाय कधीकधी डोकावतो.

मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद. पण लोकांच्या मनातली कॅमेऱ्याची भीती पुढेही टिकली. दादासाहेब फाळक्यांनी बडोद्यात फोटोचा धंदा मांडला, तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी आवई उठली नि गिऱ्हाईक येईना! अशा काळात कॅमेऱ्यासमोर ताठ बसलेल्या पणज्यांचं मला फार कौतुक वाटतं. हैदराबादेत लाला दीनदयाळांनी 1892 मध्ये खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. आत फोटो काढणारीही बाईच.

माझा सर्वांत आवडता फोटो 1885 चा, फिलाडेल्फियाचा. साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबत इस्लामबुली, तिघीही वैद्यकीय महाविद्यालयातल्या. कोण कुठली हे आजही ओळखता येतं, कारण नावं नि गावं फोटोखालीच दिलेली आहेत.

आपल्या घरच्या फोटोंवर बहुधा काहीच नसतं. आजी-आजोबांना विचारून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नावं लिहा. बॉलपेन नको, दाबाचे वळ पुढे उमटतात. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल, तर ओढून काढू नका, चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा.