‘द किलिंग जोक’ : बॅटमॅनच्या चाहत्यांना काय खटकलं?

जोकरला मार्क हॅमिलचा आवाज, बॅटमॅनला केविन कॉनरॉयचा आणि आधाराला अ‍ॅलन मूर व ब्रायन बोलंड यांचं १९८८चं गाजलेलं कॉमिक. २०१६मध्ये ‘बॅटमॅन : द किलिंग जोक’ आला तेव्हा चाहत्यांना आणखी काय हवं होतं? तरीही मुख्यतः डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी काढलेल्या या अ‍ॅनिमेशनपटावरून प्रेक्षकांत दोन तट पडले.

अडचण लांबीची होती. मूळ कॉमिक ५० पानांच्याही आतलं. त्यातून सव्वा तासाचा चित्रपट निघत नाही. म्हणून सुरुवातीला सुमारे अर्धा तास बॅटगर्लची, म्हणजे बार्बरा गॉर्डनची, नवी कथा जोडली गेली. कॉमिकमध्ये जोकर तिला गोळी घालतो आणि पुढची गोष्ट मात्र तिचे वडील, बॅटमॅन आणि जोकर यांचीच होते, ही जुनी तक्रार. त्यामुळे तिला जास्त जागा देणं वरवर योग्यच वाटतं. पण या नव्या भागात ती बॅटमॅनमध्ये गुंतते, दोघांचा शरीरसंबंधही येतो. तो तिला घडवणारा, वयानंही मोठा. अनेकांना हे पटलंच नाही.

दुसऱ्या गटाचं म्हणणं साधं आहे : तेवढा भाग सोडा, उरलेला चित्रपट कॉमिकला धरून आहे आणि हॅमिलचा जोकर अंगावर काटा आणतो. यात तथ्य आहे. फक्त, अर्धा तास पुढे ढकलूनच पाहावा लागणारा चित्रपट चांगला कसा म्हणायचा?

बार्बरा पुढे व्हीलचेअरवरून ‘ओरॅकल’ म्हणून काम करू लागते. ते दृश्य श्रेयनामावली सुरू झाल्यावर येतं, तेही जेमतेम काही क्षण.